झाकण उघडण्याआधी

“फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” २००९ सालच्या पावसाळ्यात हे वाक्य मी ऐकले आणि मान डोलावली. वडिलांचा डेस्कटॉप रिक्षात घालून मी त्या दुकानात गेले होते. निवृत्तीनंतर चार वर्षे वडील आमच्या गावाविषयी लिहीत होते. कोणत्या वाडीत कोणाची घरे, कोणती विहीर कोणी खणली, जत्रेतला कोणता मान कोणाकडे, देवळाच्या जुन्या जमाखर्चातून उतरवून घेतलेली नावे. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप करायचे. मशीन आधी हळू झाले, मग मध्येच अडकू लागले, मग एक दिवस सुरूच होईना. दुकानातल्या मुलाने काम मन लावून केले. संध्याकाळी मशीन झटकन सुरू झाले. मात्र डी ड्राइव्ह नव्हता, ई ड्राइव्ह नव्हता. एकच मोठा सी ड्राइव्ह होता, कोरा करकरीत. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी की-बोर्डवर कापड झाकले आणि नंतर पुष्कळ वर्षे त्या खुर्चीत ते लिहायला बसले नाहीत.

सात वर्षांनी, २०१६ मध्ये, ती हार्डडिस्क मी माळ्यावरून खाली काढली. तोवर मी लिनक्स वापरू लागले होते आणि स्मार्टमॉनटूल्स नावाचा एक छोटा मुक्त प्रोग्रॅम हाताशी आला होता. हार्डडिस्क आपल्या प्रकृतीची एक वही स्वतःच्या आतच ठेवत असते. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, पृष्ठभागावरचे किती तुकडे निकामी झाले म्हणून राखीव तुकडे वापरात आले, किती तुकडे वाचताना अडले. या नोंदींना क्रमांक असतात. ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या तुकड्यांची, १९७ क्रमांकाची अडलेल्या तुकड्यांची. डिस्क झिजली असेल तर बहुधा हेच आकडे वाढलेले दिसतात. वडिलांच्या डिस्कमध्ये दोन्ही शून्य होते. वाढला होता १९९ क्रमांकाचा आकडा, आणि तोही हजारांत. ही नोंद असते डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या माहितीची. म्हणजे डिस्क ठणठणीत होती. दोष होता मधल्या सॅटा केबलचा, त्या हातभर लांबीच्या लाल पट्टीचा. फॉरमॅट करताना ती काढून पुन्हा नीट बसवली गेली असणार, म्हणून मशीन चालू झाले, आणि केबल तीच राहिल्यामुळे सहा महिन्यांनी त्याचे पुन्हा तेच रडगाणे सुरू झाले होते.

एका केबलपायी चार वर्षांचे लिखाण गेले. यात त्या मुलाला दोष देऊन भागत नाही. त्याच्याकडे रोज दहा मशीन येत असतील, आणि “काहीही करा, पण चालू करून द्या” असे मीच सांगितले होते. आत काय महत्त्वाचे आहे हे त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. मशीनला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न आमच्या दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. घरातला, शाळेतला, वाचनालयातला संगणक आपल्या हाताने कसा तपासावा, कसा साफ करावा, त्यात कोणता भाग बदलून घ्यावा आणि कोणता मुळीच बदलू नये, हे सगळे यात आहे. पण प्रत्येक प्रकरणात पहिली पायरी निदानाची ठेवली आहे. पैसे आणि स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.

यासाठी लागणारी सगळी अवजारे मी मुक्त सॉफ्टवेअरमधलीच निवडली. ती फुकट मिळतात हे खरे, आणि आपल्याकडे तो मोठा दिलासा आहे; पण इंग्रजीत ‘फ्री’ या ज्या एका शब्दाने गोंधळ होतो त्यासाठी मराठीत मुक्त आणि फुकट असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत, त्यांचा फायदा घ्यावा. मुक्त म्हणजे जे चालवायला, आतून पाहायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळीक आहे असे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगम दुरुस्तीतच आहे, हे मला फार जवळचे वाटते. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरलाही तीच खोड होती, पण त्याच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रॅमरने भर घातली होती : कागद अडकला की ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांना पडद्यावर निरोप जायचा, आणि कोणीतरी उठून कागद सोडवायचा. नव्या प्रिंटरवर हे करता येईना, कारण त्याचा मूळ कोड कंपनीने दिलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याच्याकडे स्टॉलमन गेले. त्या माणसाने गोपनीयतेच्या कराराचे कारण सांगून नकार दिला. दुरुस्त करता येईल अशी वस्तू समोर, दुरुस्त करणारा हात तयार, आणि मध्ये एक सही केलेला कागद. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोन्हींच्या जोडणीतून आज आपण पेन ड्राइव्हवर घालतो ती प्रणाली उभी राहिली.

पेन ड्राइव्हचा मुद्दा इथेच सांगते, कारण या पुस्तकाचा अर्धा भार त्याच्यावर आहे. लिनक्स डिस्कवर बसवण्याआधी नुसते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. याला ‘लाइव्ह’ म्हणतात. २००० साली जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स नावाची सीडी काढली, तिने ही सोय जगभर पोचवली. सीडी घालायची, मशीन सुरू करायचे, आणि डिस्कला हातही न लावता पूर्ण संगणक समोर. आज डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, सगळ्यांची अशी लाइव्ह आवृत्ती मिळते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. वैद्य नाडी धरतो तशी मी आता कुठल्याही बिघडलेल्या मशीनला आधी हा पेन ड्राइव्ह लावते. त्यावरून मशीन नीट चालले, पडदा स्वच्छ दिसला, वायफाय जोडले गेले, व्हिडिओ अडखळला नाही, तर प्रोसेसर, रॅम, पडदा आणि बोर्ड यांच्यावरचा संशय बराचसा फिटतो. उरते डिस्क आणि तिच्यावरची प्रणाली. दहा मिनिटांत संशयितांची यादी निम्म्याहून कमी होते.

ओळखीच्या एका शिक्षिकेचा लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्याची कहाणी ठरलेलीच होती. तिसऱ्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. सुरू व्हायला सात मिनिटे. “बोर्ड वीक झालाय, नवीन घ्या, असं सांगितलंय ताई,” त्या म्हणाल्या, आणि नव्या लॅपटॉपसाठी पतपेढीत अर्ज केल्याचेही सांगितले. पेन ड्राइव्हवरून तोच लॅपटॉप दीड मिनिटात सुरू झाला. त्या बघतच राहिल्या. मग डिस्कची वही उघडली. १९७ क्रमांकासमोर ४८. म्हणजे ४८ ठिकाणी डिस्क वाचताना अडत होती, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसली की सगळे मशीन तिच्यासाठी थांबून राहायचे. बोर्डाचा यात काही संबंध नव्हता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो फायली कॉपी-पेस्ट करून घेण्याचा, आणि तो आवरला पाहिजे. मरणपंथाला लागलेली डिस्क एका वाईट तुकड्यावर अडून राहिली की तिथेच कष्ट करून संपते. ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम शहाणपणाने वागतो. जिथे अडते तिथून तो पुढे सरकतो, आधी सगळे चांगले तुकडे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, काय राहिले त्याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि शेवटी राहिलेल्या जागांकडे परत येतो. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे पुन्हा तिथून सुरुवात करता येते. त्या रात्री पाच तास काम चालले. सकाळी ४८ पैकी ४५ तुकडे सुटले होते. राहिलेले तीन कुठल्या तरी सिनेमाच्या फायलीत होते.

मग त्या लॅपटॉपमध्ये २४० जीबीची एसएसडी घातली आणि रॅम ८ जीबी केली. एसएसडीने जुन्या मशीनमध्ये एवढा फरक का पडतो हे आकड्यांनी समजून घेतले की दुकानात कोणी फसवू शकत नाही. लॅपटॉपमधली नेहमीची हार्डडिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी डोके त्या वर्तुळापर्यंत सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब करा : विखुरलेल्या फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला साठ-सत्तरच्या वर जाता येत नाही. प्रणाली सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली वाचते. एसएसडीत फिरणारे काही नाही, सरकणारे काही नाही. तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. प्रोसेसर मुळात रिकामा बसून डिस्कची वाट पाहत असतो, ती वाट संपते. म्हणून ‘प्रोसेसर जुना झाला’ या वाक्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. पत्रव्यवहार, हिशेब, वाचन, व्हिडिओ पाहणे एवढ्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आजही पुरून उरतो.

रॅमच्या बाबतीत मात्र विकत घेण्याआधी थांबावे लागते. डीडीआर-३, डीडीआर-४ अशा पिढ्या असतात, त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. त्यातही डीडीआर-३ आणि डीडीआर-३-एल दिसायला सारख्या, पण पहिली दीड व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ व्होल्टवरही चालते. काही लॅपटॉपना ही दुसरीच लागते, पहिली घातली तर ते सुरू होत नाहीत. लॅपटॉप न उघडता डीएमआयडीकोड हा आदेश आत किती खाचा आहेत, कोणती रिकामी आहे, बसवलेली पट्टी कोणत्या जातीची आहे हे सांगतो. जास्तीत जास्त रॅम किती चालेल हा आकडाही तो देतो, पण ती बायोसने लिहून ठेवलेली माहिती असते आणि कधी कधी चुकीची असते. त्यासाठी प्रोसेसर आणि मशीनच्या मॉडेलची मर्यादा वेगळी पाहावी. पातळ, चकचकीत लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते. तिथे वाढ करता येत नाही, आणि नवीन मशीन घेताना हा प्रश्न आधी विचारावा असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

सगळ्या दुरुस्त्यांना एवढे सामान लागत नाही. मला सर्वांत जास्त वेळा भेटलेला बिघाड एका नाण्याएवढ्या सेलचा आहे. मदरबोर्डावर सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो, तो मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की प्रत्येक वेळी मशीन जुन्या तारखेला उठते. मग ब्राउझर कुठलीही बँकेची किंवा सरकारी साइट उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणू लागतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या तारखेशी जुळत नाही. लोक म्हणतात व्हायरस आला, नेट गेले. मी अशी मशीन पाहिली आहेत जी या एका कारणासाठी दोनदा फॉरमॅट झाली. हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

कोकणातल्या एका वाचनालयातले तीन संगणक दर पावसाळ्यात बीप-बीप करत बंद पडायचे, आणि ग्रंथपाल दरवर्षी ते तालुक्याला पाठवायच्या. दमट हवेने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पुटे चढायची, एवढेच. पट्ट्या काढायच्या, दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, वाळू द्यायचे, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबून बसवायच्या. (खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि नड असली तर तीही चालते, पण रबराचा चुरा खाचेत जातो आणि वरचेवर घासले तर सोन्याचा मुलामा निघतो.) त्यानंतर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवायचा. हा प्रोग्रॅम कोणत्याही प्रणालीच्या आधी, थेट पेन ड्राइव्हवरून चालतो आणि रॅमचा कण न् कण लिहून-वाचून पाहतो. सकाळी एकही लाल ओळ नसली तर रॅम चांगली. दोन संगणक तसे निघाले. तिसऱ्यात दर वेळी त्याच पत्त्यावर चूक येत होती. दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासल्यावर दोषी पट्टी सापडली. त्या ग्रंथपाल आता हे काम स्वतः करतात, मे महिन्याच्या शेवटी, शाकारणीच्या जोडीला.

धुळीचेही असेच. आपल्या घरांत उदबत्तीचा धूर, फोडणीचा तेलकट वास, रस्त्याची धूळ हे सगळे पंख्यातून आत जाते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांसमोर नमद्यासारखी गादी जमते. तापमान मोजणारे लिनक्सचे साधन लावले की आकडा दिसतो : ९५ अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो, आणि वापरणारा म्हणतो मशीन हळू झाले. गादी काढून नवी थर्मल पेस्ट लावल्यावर तोच आकडा सत्तरीला आलेला पाहणे हे मोठे सुख आहे. फुंकर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. जोरात फिरू दिला तर त्याचे बेअरिंग जाते, आणि उलटी वीज बोर्डात शिरण्याची भीती असते.

काही झाकणे उघडायची नाहीत, हेही याच पुस्तकात ठळक सांगितले आहे. डेस्कटॉपचा वीजपुरवठा करणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, त्यातला पहिला. २३० व्होल्टची घरगुती वीज आत सरळ केली की सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून राहते. तो डबा बदलावा, उघडू नये. दुसरी फुगलेली लॅपटॉप बॅटरी. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेना, तर चार्जर काढा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तिसरी गोष्ट झाकणाची नाही, पण तितकीच नाजूक आहे : बायोसची नवी आवृत्ती घालताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. जिथे भारनियमन आहे तिथे डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय हे काम करू नये.

आता प्रणालीविषयी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलची ती पिढी २०१७च्या उत्तरार्धात आली. त्याच्या वर्षभर आधी घेतलेली, एकही स्क्रू न झिजलेली लक्षावधी मशीन त्यामुळे कागदोपत्री म्हातारी झाली. वाढीव सुरक्षेची एक वर्षाची सोय कंपनीने ठेवली, पण तो उपाय नव्हे, मुदत आहे. अशा मशीनवर लिनक्स मिंट घातले तर ते पुढची कित्येक वर्षे सुरक्षेचे बदल घेत राहते, आणि लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसह सगळे रोजचे काम होते. बसवताना डेबियनमध्ये मराठीही निवडता येते. तिथला अनुवाद काही ठिकाणी अपुरा आहे, तो पुरा करण्याचे काम आपल्यापैकी कोणालाही हाती घेता येईल.

पण मी कोणालाही उठून विंडोज काढायला सांगत नाही. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो, ज्यांच्या छपाईच्या जुन्या फायली पेजमेकरमध्ये आहेत, ज्यांना सरकारी निविदांसाठी ठरावीक सही-टोकन लागते, त्यांनी आधी आपली निकड पाहावी आणि एक मशीन तसेच ठेवावे. लिनक्सचे इथे जमत नाही, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. मराठी लिहिणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी आपण ज्या फॉन्टमध्ये टाइप करत होतो, त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये कुठले तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवले जायचे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली की सगळा चिन्हांचा चिखल. प्रणाली बदलण्याआधी अशा फायली युनिकोडमध्ये आणून ठेवल्या पाहिजेत. त्याचे प्रकरण वेगळे लिहिले आहे आणि ते लांब आहे, कारण महाराष्ट्रातल्या घरोघरी, छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांत अशा फायली पडून आहेत.

हे पुस्तक दुरुस्तीच्या दुकानांच्या विरोधात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत मी तासन्‌तास घालवले आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली तांदळाच्या कण्यांहून बारीक भाग डाखणाऱ्या तिथल्या कारागिरांच्या हाताला मी मनापासून मान देते. बोर्डावरचा शॉर्ट शोधणे हे त्यांचेच काम, आणि त्याचे त्यांना पुरते पैसे मिळाले पाहिजेत. मला एवढेच हवे आहे की त्यांच्या काउंटरसमोर उभे राहिल्यावर तुम्हाला सांगता यावे : डिस्कची नोंद पाहिली, ती चांगली आहे, रॅम रात्रभर तपासली, तीही चांगली, पेन ड्राइव्हवरूनही मशीन मधूनच बंद पडते. असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी कारागीर वेगळे बोलतो. तो स्टूल पुढे सरकवतो.

सुरुवातीला एक चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि एक वही एवढे पुरे. वहीत मशीनचे मॉडेल, केलेल्या तपासण्या आणि त्यांचे आकडे तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा पाहिल्यावर त्याला अर्थ येतो. स्क्रू काढाल तसे कागदावर मशीनचे चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने चिकटवा. लॅपटॉपचे स्क्रू लांबीला वेगळे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर थेट बोर्डात घुसतो. पहिले प्रकरण मात्र झाकण उघडण्याचे नाही. ते क्लोनझिला या तैवानमध्ये तयार झालेल्या मुक्त प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढण्याचे आहे. ते करून झाल्याशिवाय दुसरे प्रकरण उघडू नका, ही माझी विनंती आहे.

वडिलांच्या त्या डिस्कवर मी फोटोरेक चालवला होता. क्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचे हे अवजार फायलींची नावे, फोल्डर यांच्याकडे न पाहता डिस्कचा कोपरा न् कोपरा चाळते आणि फायलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून ती ओळखते. झटपट (क्विक) फॉरमॅटने मजकूर पुसला जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते. वर नवे काही लिहिले गेले नसेल तर पाने शिल्लक असतात. (एसएसडीत बहुधा हे जमत नाही, तिथे पुसलेले लवकरच खरोखर पुसले जाते.) आमच्या डिस्कवर मधल्या काळात गाणी आणि सिनेमे भरले गेले होते. तरी अकरा फायली निघाल्या, त्यांतल्या चार उघडल्या. आत चिन्हांचा चिखल. जुना फॉन्ट शोधून लावल्यावर पडद्यावर विहिरींचे प्रकरण उभे राहिले, जवळजवळ पूर्ण. मी ते छापून वडिलांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, पहिले पान वाचले, खिशातून लाल पेन काढले आणि तिसऱ्या ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. आता त्या चार फायली युनिकोडमध्ये आहेत : एक प्रत माझ्या डिस्कवर, एक कपाटातल्या डिस्कवर, आणि एक गावी, चुलतभावाच्या घरी, वाणसामानाच्या डब्यात ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर. दर दिवाळीला आम्ही तिन्ही उघडून पाहतो.